घाणेरीच्या पाल्यातील तेल

सातपुड्यात माजलेली घाणेरी, म्हणजेच टणटणी, हे मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील झुडूप असून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते बागेची शोभा म्हणून भारतात आणले गेले. तिचे खरखरीत, दातेरी कडांचे पान चुरगाळताच जो उग्र दर्प सुटतो, तो पानावरील सूक्ष्म ग्रंथींत साठलेल्या बाष्पनशील तेलाचा, म्हणजे वाफेबरोबर उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. या तेलात सेस्क्विटर्पीन वर्गातील, म्हणजे पंधरा कार्बन-अणूंच्या सांगाड्याची संयुगे विपुल असतात. लवंगेत आणि मिरीतही सापडणारे बीटा-कॅरिओफायलीन हे त्यांतील एक प्रमुख, आणि त्याच्या जोडीला जर्मेक्रीन-डी व ह्युम्युलीन, तसेच सॅबिनीनसारखी हलकी, दहा कार्बनची संयुगेही आढळतात. मात्र स्थळ, ऋतू आणि वाण यांनुसार त्यांचे प्रमाण इतके पालटते, की परमुलखातील विश्लेषणाच्या आकड्यांवरून सातपुड्यातील पाल्याचे मोल ठरवणे सर्वस्वी गैर आहे.

हा धडा खानदेशाने पूर्वीच घेतलेला आहे. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार, शहादे, तळोदे आणि अक्राणी या भागांत रोशा गवताचे तेल काढले जाई व ते मुंबईमार्गे तुर्कस्तानात पोहोचून गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण गुलाबातील जिरॅनिऑल हे सुगंधी अल्कोहोल रोशातही असते. या गवताचे मोतिया आणि सोफिया हे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखेच. परंतु मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारणतः तीन-चतुर्थांशांहून अधिक भरते, तर सोफियात ते बरेच कमी असल्याने त्याला भावही कमी मिळतो.

म्हणून जंगलातून घाणेरी उपटताना तिच्या पाल्याचे तेल काढायचे असेल, तर आधी अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे येथील नमुने ऋतुवार घेऊन त्यांचे वायुवर्णलेखन, म्हणजे तेलाची वाफ लांब, बारीक नळीतून नेऊन घटक वेगळे करण्याची तपासणी, झालीच पाहिजे. आणि तेलाला गिऱ्हाईक मिळाले तरी त्यासाठी घाणेरी राखली जाता कामा नये. आणखी एक गोष्ट तेलाच्या हिशेबात सहसा येत नाही: गुरांच्या यकृताला अपाय करणारी लँटाडीन ही जड संयुगे वाफेबरोबर निघून न जाता पाल्यातच राहतात. त्यामुळे भट्टीतून निघालेला चोथा कितीही निरुपद्रवी दिसला, तरी तो गुरांच्या तोंडी लागणार नाही अशी व्यवस्था भट्टी लावण्यापूर्वीच करावी लागेल.