गोबर गॅस : आधी शेण मोजा



"फादर, गोबर गॅस बांधू का?" असे गेल्या महिन्यात दोन घरांतून विचारले गेले. एका घरी पाच जनावरे आहेत, दुसऱ्या घरी एकच म्हैस. दोघांना एकच उत्तर देता येणार नाही.

प्रथम गुण पाहू. पावसाळ्यात आपल्या अळणावरात ओले जळण फुंकून मायबहिणींचे डोळे लाल होतात. तोच धूर त्यांच्या आणि कडेवरच्या बाळाच्या छातीत जातो. गोबर गॅसला धूर नाही. शिवाय शेणी जाळल्या की शेणातले नत्र वाया जाते. इथे गॅस मिळूनही ते रबडीत राहते आणि शेताला पोचते.

आता हिशेब. दोन घनमीटरच्या गोबर गॅसला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे गोठ्यात बांधलेली चार-पाच मोठी जनावरे, आणि तितकेच पाणी. त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. थंडीत गॅस कमी येतो. घुमटाला तडा गेला तर गॅस गळतो. त्यात भडक्याचा धोका आहे, आणि त्यातला मिथेन हवामानालाही घातक आहे.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. तुमकूर जिल्ह्यातील पुरा गावी बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने सामुदायिक गोबर गॅस उभारला. सगळ्या घरांच्या स्वयंपाकाला शेण पुरेना. तेव्हा गॅसवर इंजिन चालवून १९८७ पासून गावाला पिण्याचे पाणी व दिवे दिले गेले. शेण आणणाऱ्याला मोबदला मिळे, रबडीही परत मिळे. जेवढे शेण तेवढेच काम, हे गावाने ओळखले.

माझी चूकही सांगतो. पूर्वीच्या धर्मग्रामात एका कुटुंबाला मी उत्साहाने गोबर गॅस बांधायला लावला. पुढे त्यांनी दोन म्हशी विकल्या. आज त्या खड्ड्यात पालापाचोळा आहे. मी शेण मोजले नव्हते, आणि रोज पाणी कोण आणणार हेही विचारले नव्हते. ते काम घरच्या सुनेवरच पडले होते.

म्हणून पाच जनावरांच्या घराने जरूर बांधावा. मात्र पाणी जवळ असावे आणि शेण कालवण्याची पाळी पुरुषांनीही घ्यावी. एका म्हशीच्या घराने अनुदानाच्या मोहात पडू नये. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत अनेक घरांत सिलिंडर आला, पण भरून आणायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. ती पेटणारच असेल तर तिला धुराडे बसवा, जळण पावसाआधी वाळवून झाका आणि महिन्याच्या खर्चात सिलिंडरचे पैसे आधी बाजूला काढा.

कोणतेही इंधन निवडताना घरातल्या बाईला आधी विचारा. चुलीपुढे तीच बसते.