सोन्याची सुरी

व्यावसायिक गोल्फच्या इतिहासात २०२२ सालचा हंगाम दोन कारणांसाठी लक्षात राहील. त्या वर्षी मैदानावर जो खेळ झाला तो अव्वल दर्जाचा होता, आणि मैदानाबाहेर जो व्यवहार झाला त्याने या खेळाचे घर दुभंगले. आता त्या हंगामाला काही वर्षे लोटली असून पक्षाभिमानाचा धुरळा बराच खाली बसला आहे. त्यामुळे त्या भांडणात कोणी काय मिळविले यापेक्षा उभय पक्षांनी मिळून काय घालविले, याचा शांतपणे विचार करणे शक्य झाले आहे. गोल्फ हा आमच्या बहुसंख्य वाचकांचा खेळ नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु या प्रकरणात गुंतलेला प्रश्न एकट्या गोल्फचा नाही.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ‘प्लेयर्स चॅम्पियनशिप’ ही प्रतिष्ठेची स्पर्धा पावसामुळे लांबत लांबत सोमवारी संपली. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन स्मिथ एका फटक्याने विजयी झाला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला तो पुण्यात जन्मलेला अनिर्बाण लाहिरी. विजेत्यास ३६ लाख डॉलर व लाहिरीस सुमारे २२ लाख डॉलर मिळाले. जुलैमध्ये सेंट अँड्रूजच्या पुरातन मैदानावर १५०व्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत हाच स्मिथ अखेरच्या दिवशी चार फटक्यांनी मागे असता ६४ फटक्यांत फेरी पुरी करून अजिंक्य ठरला. ऑगस्टच्या अखेरीस हंगाम संपला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी स्मिथ व लाहिरी हे दोघेही सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने उभारलेल्या ‘लिव्ह’ या नव्या संघटनेत दाखल झाल्याचे जाहीर झाले.

त्यांनी काय सोडले, हे समजण्यासाठी ‘पीजीए टूर’चा एक जुना नियम ध्यानी घ्यावा लागेल. गुरुवार व शुक्रवार या दोन दिवसांत ३६ होल खेळून झाले की तेथे एक रेषा ओढली जाते. त्या वर्षीच्या नियमानुसार पहिले ६५ व त्यांच्या बरोबरीचे खेळाडू तेवढे पुढील दोन दिवस खेळत. बाकीच्यांनी गाशा गुंडाळावयाचा. विमानभाडे, मुक्कामाचा खर्च, कॅडीचा मेहनताना हे सारे पदरचे करून आलेला खेळाडू रेषेखाली राहिला, तर नेहमीच्या स्पर्धांत त्याला बक्षिसातील छदामही मिळत नसे. नामवंत आणि नवखा असा भेद या रेषेला ठाऊक नसतो. गतवर्षीच्या विजेत्यास ती घरी पाठविते, आणि सोमवारची पात्रता-फेरी खेळून कसाबसा आत आलेल्या अनोळखी पोरास ती रविवारपर्यंत नेते. खेळाडूच्या हाती पडलेला पैसा हा त्याने त्या आठवड्यात कमावलेला आहे, ही प्रेक्षकांची खात्री या रेषेवरच उभी असते.

‘लिव्ह’ने ही रेषाच पुसून टाकली. जून २०२२ मध्ये लंडननजीक सेंच्युरियन क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली. खेळाडू ४८, दिवस तीन, होल ५४, आणि गळणारा कोणीही नाही. पहिल्या आलेल्या चार्ल श्वार्ट्झेलला वैयक्तिक बक्षिसाचे ४० लाख डॉलर मिळाले, आणि शेवटच्या क्रमांकासही १ लाख २० हजार डॉलरची निश्चिती होती. नामांकित खेळाडूंना केवळ करारापोटी मिळालेल्या रकमा तर वेगळ्याच. एकही चेंडू टोलविण्यापूर्वी ज्याची आयुष्याची ददात मिटली आहे, त्याने हिरवळीवर शेवटचा फटका मारताना कोणाचा श्वास रोखला जावा?

तथापि खेळाडूंना देशद्रोह्यांच्या पंक्तीस बसविणाऱ्यांत आम्ही नाही. खेळाडूची उमेद थोड्या वर्षांची असते. अधिक पगारासाठी नोकरी बदलणाऱ्या आम्हा मध्यमवर्गीयांनी त्याला त्यागाचे पाठ द्यावे, हे शोभणारे नव्हे. शिवाय आज परंपरेचे नाव घेणारी टूर स्वतःच बंडातून जन्मली आहे. १९६८ साली पामर, निकलॉस आदी खेळाडूंनी जुन्या संघटनेशी काडीमोड घेतला, त्यातून ती निघाली. १९७७ साली पॅकर यांनी क्रिकेटपटूंना आपल्याकडे ओढले तेव्हाही असाच गहजब झाला होता, आणि न्यायालयाने कौल खेळाडूंच्या बाजूने दिला होता.

टूरच्या चालकांचे वर्तन मात्र अधिक खेदजनक आहे. त्यांच्या प्रमुखांनी जून २०२२ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात आप्त गमावलेल्या कुटुंबांचे दुःख पुढे करून सौदी पैशाविरुद्ध नीतीची ध्वजा उभारली. वर्ष पुरते न पुरते तोच, ६ जून २०२३ रोजी, त्याच निधीशी समझोत्याची घोषणा झाली. ज्यांनी नीतीसाठी कोट्यवधी डॉलर नाकारले होते, त्या खेळाडूंना ही वार्ता जगाबरोबरच कळली! हेही एकवेळ सोडून देऊ. पण प्रतिस्पर्ध्याचा जो दोष, तोच टूरने उचलला. २०२४ पासून तिने मोठ्या बक्षिसांच्या आठ खास स्पर्धा योजिल्या. त्यांत मोजक्याच खेळाडूंना प्रवेश दिला आणि आठांपैकी पाच स्पर्धांत शुक्रवारची रेषाच ठेविली नाही. पुढे २०२५ च्या हंगामाअखेर संपूर्ण हक्काच्या जागा १२५ वरून १०० वर आणल्या. लढाई दोन श्रीमंतांची झाली आणि दार बंद झाले ते उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्याचे.

या दाराची किंमत भारतीयांना वेगळी सांगावयास नको. दिल्लीत कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला, आणि १९९३ साली त्याने तो पराक्रम पुन्हा केला. रॉयल कलकत्ता क्लबच्या हिरवळीची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया २००८ साली दिल्लीत युरोपीय टूरची इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकून गेला. क्लबांचे सदस्यत्व पैशाने आणि वशिल्याने मिळत असेल. पण स्पर्धेच्या फलकावर फक्त फटके मोजले जात होते, म्हणूनच ही माणसे वर आली. निवडक निमंत्रितांच्या मेजवानीत त्यांना पान कोणी वाढले असते?

यास्तव आमचे म्हणणे इतकेच की, या खेळाचा कारभार पुढे कोणाच्याही हाती राहो, त्याने शुक्रवारची रेषा आणि सोमवारचे दार या दोन गोष्टींना हात लावू नये. बक्षिसे वाढवावीत, रेषेखाली राहिलेल्या गरीब खेळाडूस प्रवासखर्चही द्यावा. पण हरण्याची शक्यता विकत घेऊन टाकू नये. सुरी सोन्याची झाली म्हणून ती कोणी उरात खुपसून घेत नाही, असे आमचे पूर्वज सांगून गेले. २०२२ च्या हंगामात गोल्फच्या धुरीणांनी नेमके तेच केले. ती सुरी उपसून काढण्याइतके शहाणपण त्यांना लौकर सुचो, अशी आमची इच्छा आहे.