गळा हवा, गायक नको

एप्रिल 2023 मध्ये अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात एका गाण्यावरून गुन्हा दाखल झाला. गाणारा होता छत्रपती संभाजीनगरचा तरुण रॅपर राज मुंगासे. जून 2022 मधलं राज्यातलं सत्तांतर आणि आमदारांनी त्यासाठी पैशांचे खोके घेतल्याचा तेव्हा गाजलेला आरोप हा त्याच्या रॅपचा विषय. तक्रार होती शिंदे गटाच्या युवासेनेच्या पदाधिकाऱ्याची. तोवर विरोधी पक्षाच्या नेत्यांनी तीच चित्रफीत उचलून धरली होती आणि आपापल्या खात्यांवरून पसरवली होती. एकीकडून पोलीस, दुसरीकडून टाळ्या. पण या मुलाला राजकारण कळतं, त्याला जवळ बसवून चार गोष्टी विचारू, असं कोणाच्या मनात आल्याचं दिसलं नाही.

गाणाऱ्या माणसाशी आपलं राजकारण असंच वागत आलं आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पालिकेची निवडणूक लागली की सकाळी आठपासून रिक्षांवरचे भोंगे सुरू होतात. भीमगीताची, कोळीगीताची नाहीतर ताज्या सिनेगीताची चाल आणि त्यात बसवलेलं उमेदवाराचं नाव. कितीदा तर एकाच आवाजात दोन विरोधी उमेदवारांचा जयजयकार एकाच चौकात ऐकू येतो. मतमोजणीच्या संध्याकाळी गुलाल उधळला जातो, ढोल वाजतात. त्या आवाजाचा मालक कुठे असतो, याची चौकशी कोणी करत नाही.

खरं तर घटनेने कलावंतासाठी एक दार मुद्दाम ठेवलं आहे. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणत्यांना राज्यपालांनी विधान परिषदेवर नेमावं, अशी तरतूद कलम 171 मध्ये आहे. महाराष्ट्रात अशा 12 जागा. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने सभागृहात गेले. नोव्हेंबर 2020 मध्ये महाविकास आघाडी सरकारने 12 नावं राज्यपालांकडे पाठवली, त्यात दोन गायक होते. राष्ट्रवादीकडून आनंद शिंदे आणि काँग्रेसकडून चंद्रपूरचे अनिरुद्ध वनकर. आनंद शिंदे म्हणजे प्रल्हाद शिंदे यांचा मुलगा, भीमगीतांपासून लग्नाच्या वरातीपर्यंत गावोगाव पोचलेला आवाज. राज्यपालांनी त्या यादीवर निर्णयच घेतला नाही. ऑगस्ट 2021 मध्ये उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय व्हायला हवा असं सांगितलं, तरी यादी पडूनच राहिली. सरकार बदललं आणि नव्या सरकारने ती मागे घेतली. ऑक्टोबर 2024 मध्ये 12 पैकी 7 जागा भरल्या, तेव्हा शपथ घेणाऱ्यांत एकही गायक नव्हता.

गायकाला कारभार काय कळणार, असं यावर हमखास विचारलं जातं. त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात सापडतं, आणि ते सरळसोट नाही.

पीटर गॅरेट हा ‘मिडनाइट ऑइल’ या रॉक बँडचा गायक. उंचापुरा, डोक्याचा तुळतुळीत गोटा, मंचावर झटके देत नाचणारा, आणि शिक्षणाने वकील. 1989 मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून अलास्काच्या समुद्रात तेल सांडलं. पुढच्या वर्षी या बँडने न्यूयॉर्कमध्ये एक्सॉनच्या मुख्यालयासमोर ट्रक उभा केला आणि भर दुपारी त्यावर चढून गाणी म्हटली. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकच्या समारोपाला ते काळ्या कपड्यांत आले. त्या कपड्यांवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द छापलेला होता: ‘सॉरी’. सरकारी धोरणाखाली आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडली गेली होती, त्याबद्दल माफी मागायला तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड तयार नव्हते. ते समोर प्रेक्षकांत बसलेले होते.

गॅरेट 2004 मध्ये मजूर पक्षातर्फे संसदेत निवडून गेला आणि 2007 मध्ये पर्यावरणमंत्री झाला. फेब्रुवारी 2008 मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत ती माफी मागितली, तेव्हा गॅरेट त्यांच्या मंत्रिमंडळात होता. कपड्यावरचा शब्द आठ वर्षांत संसदेच्या नोंदीत गेला.

पुढचं मात्र कडू आहे. आयुष्यभर युरेनियमविरुद्ध गाणाऱ्या या माणसाने 2009 मध्ये मंत्री म्हणून एका युरेनियम खाणीला परवानगी दिली. जुने चाहते चिडले. घरांच्या छतांत उष्णतारोधक थर बसवण्याची सरकारी योजना त्याच्या खात्याकडे होती. तिच्या कामात चार तरुण कामगार दगावले, 2010 मध्ये योजना बंद पडली आणि त्याचे अधिकार कापले गेले. त्याच वर्षी, तो पर्यावरणमंत्री असतानाच, ऑस्ट्रेलियाने जपानच्या व्हेलशिकारीविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. 2014 मध्ये निकाल ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लागला. गॅरेट 2013 मध्ये राजकारणातून बाहेर पडला आणि पुढे पुन्हा बँडबरोबर गायला लागला.

या हिशेबात जमाही आहे आणि खर्चही, पण तो गॅरेटच्या स्वतःच्या नावावर आहे. चुकला तर जाब द्यावा लागला, जिंकला तर श्रेय मिळालं. आपल्याकडे गायकाला चुकण्याचीही संधी मिळत नाही. शेजारच्या काठमांडूत मात्र 2022 मध्ये बालेन शाह हा रॅपर अपक्ष उभा राहिला आणि 61 हजारांहून अधिक मतं घेऊन महापौर झाला. फेरीवाल्यांवर केलेल्या कठोर कारवाईबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. महापौराला असा जाब विचारला जातो, भोंग्यातल्या आवाजाला नाही.

महाराष्ट्राला हे नवं वाटायचं कारण नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगाव जागवला, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या केल्या. 1960 मध्ये राज्य आलं, तेव्हा सत्तेत वाटेकरी पुष्कळ निघाले. ज्यांनी डफावर थाप मारून मैदानं भरली, ते मात्र सभागृहाबाहेरच राहिले.

अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. त्याला लागून वालधुनी वाहते. तीच पुढे उल्हासनगरच्या वस्त्यांतून, रसायनं आणि सांडपाणी पोटात घेत कल्याणकडे जाते. मंदिराजवळ कला महोत्सव भरतो, नामवंत गायक येतात, हजारो लोक ऐकतात. या नदीवर गाणं रचणारी पोरं या तीन शहरांतल्या चाळींत आणि कॅम्पांत नक्की आहेत. पुढच्या वेळी पक्षांनी त्यांच्याकडे प्रचारगीत मागायला जाताना उमेदवारीचा अर्जही बरोबर न्यावा. त्यांच्यातलं कोणी पालिकेच्या सभेत उभं राहून सांडपाणी प्रक्रियेच्या निविदेवर प्रश्न विचारताना दिसलं पाहिजे. राज्यपालनियुक्त जागांची पुढची यादी निघेल, तेव्हा तिच्यात कलेच्या नावाने खरोखर कलावंत आहे का, हेही मतदारांनी मोठ्याने विचारावं.