तेल, पाणी आणि कीड

कडुनिंब व करंज या वृक्षांचे कीडनाशक गुण आपल्या शेतकऱ्यास नवे नाहीत. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालण्याची चाल जुनीच आहे. मग या तेलांची फवारणी सर्वत्र का रूढ झाली नाही? एक कारण अगदी साधे आहे: तेल पाण्यात मिसळत नाही. पंपात ओतलेले तेल थोड्याच वेळात वर तरंगते. आरंभी नुसते पाणी फवारले जाते, अखेरीस तेलाचा अंश वाढतो. परिणामी पहिल्या झाडांवरील कीड जगते आणि शेवटच्या झाडांची पाने करपतात.

तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले राहिले म्हणजे त्यास पायस म्हणतात. दूध हे त्याचे नित्य परिचयाचे उदाहरण होय. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी व दुसरे तेलाशी सख्य राखते, म्हणून थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत. बंगळूरनजीक हेसरघट्टा येथील भारतीय उद्यान-संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९६७ साली झाली, याहून सोपी वाट धरली. तिने निंबाच्या व करंजाच्या तेलाचाच साबण तयार केला. तो पाण्यात विरघळवून कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाविरुद्ध फवारता येतो. डीडीटीला दाद न देणारा हा पतंग जावा बेटात १९५३ सालीच आढळला होता. यावरून या उपायाचे महत्त्व कळेल.

तथापि येथेच थांबून चालणार नाही. विंधनविहिरीचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे साबणाचा साका बनतो आणि पायस फुटते. शिवाय निंबातील अझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर नाश पावते. त्याच्या टिकाऊ मिश्रणावर १९९२ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, ते उगीच नव्हे. गुण निसर्गाने दिला, टिकाऊपणा मात्र माणसाने मिळवावयाचा असतो.

म्हणून अशा प्रत्येक औषधाची कसोटी प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्याबरोबरच शेतातील जड पाण्यातही घेतली जावी, आणि मिश्रण किती वेळ टिकते हे वेष्टनावर शेतकऱ्याच्या भाषेत छापले जावे. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, कसेही मिसळले तरी चालेल, हा समज घातक आहे. एकदा फसलेला शेतकरी दोष मिश्रणास देत नाही, निंबास देतो. आणि पुन्हा जहाल विषाकडे वळतो.