वेचणीचा हक्क

आम्ही अ‍ॅरिझोनातल्या सान कार्लोसचे अपाची. आमच्या चळवळीची आज सुरुवात होत आहे. ओक फ्लॅट ही आमच्या वेचणीची आणि प्रार्थनेची जमीन खणू द्यायची नाही, एवढ्यासाठी ती आहे.

सिनेमांनी आमचा इतिहास अपाची लढवय्या जेरोनिमोच्या बंदुकीपाशी सुरू केला आणि ४ सप्टेंबर १८८६ च्या त्याच्या शरणागतीपाशी संपवला. त्या बंदुकीमागे एक संसार होता. आमचे कूळ आईकडून चालते. लग्न झाले की नवरा बायकोच्या माणसांत राहायला जाई. बायका घायपाताचे गड्डे खणून काढत, तापल्या दगडांच्या खड्ड्यात गवत-मातीखाली पुरून भाजत, आणि तो गोड गर वाळवून पुढच्या टंचाईसाठी ठेवत. ऐन उन्हाळ्यात एमरी ओकची फळे पिकतात. ती वेचून, वाटून मांसाच्या रश्श्यात घालतात, आजही. न्हाण आलेल्या मुलीचा सोहळा चार दिवस चालतो. ती नाचते, धावते, तिच्यावर पिवळे पराग उधळतात. कुठल्या उतारावर काय पिकते, कुठल्या झऱ्याशी काय मागायचे, हे सारे पायांनी शिकायचे असते. म्हणून आम्हाला डोंगरावरून हाकलणे म्हणजे एकाच वेळी उपाशी ठेवणे आणि विसरायला लावणे.

आणि हाकललेच. कॅम्प ग्रँटला आमचे लोक सैन्याच्या आश्रयाने राहत होते, छावणीसाठी गवत कापत होते. ३० एप्रिल १८७१ च्या पहाटे टूसॉनहून आलेल्या जमावाने शंभराहून अधिक जणांना मारले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. खटला चालला, ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडले. जेरोनिमोच्या शरणागतीनंतर आमचे चिरिकाहुआ भाऊबंद २७ वर्षे युद्धकैदी राहिले, आणि ज्यांनी सरकारी सैन्याला वाट दाखवली होती तेही त्याच कैदेत गेले. आमच्या वाट्याच्या आरक्षित प्रदेशात ग्लोब गावाजवळ चांदी सापडली, तेव्हा तो तुकडाही कापून घेतला.

ओक फ्लॅट १९५५ मध्ये आयझेनहॉवर सरकारनेच खाणकामाला बंद केले होते. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून ते रिओ टिंटो आणि बीएचपी यांच्या तांब्याच्या कंपनीला देण्याचे ठरले. खालून खनिज काढले की वरची जमीन खचणार. सरकारच्याच अहवालाप्रमाणे खड्डा सुमारे ३ किलोमीटर रुंद आणि ३०० मीटर खोल होईल. बदल्यात दुसरी जमीन देतो म्हणतात. त्या जमिनीवर आमची प्रार्थना कोणी शिकवलेली नाही.

आमची मागणी: ते कलम रद्द करा. आरक्षित प्रदेशातल्या शाळांनी वेचणीचे दिवस शिकवणीचे दिवस धरावेत. प्रत्येक घराने एक मूल आजीसोबत पाठवावे.

आमच्यातल्याच काहींना खाणीतली नोकरी हवी आहे. त्यांच्या घरची ओढाताण आम्ही जाणतो, त्यांच्याशी आमचे वैर नाही. त्यांनीही यावे, आपली टोपली घेऊन.