पोलादाच्या नावाला धार नसते

घडीच्या चाकूंचे शौकीन आता आपल्याकडेही बरेच झाले आहेत. गड-किल्ले फिरणारे, हौसेने सुतारकाम करणारे, आणि काही नुसतेच जमवणारे. त्यांच्या गप्पांत एक निकाल हमखास ऐकू येतो : "दोन्ही चाकू डी-टूचे. पोलाद तेच, म्हणजे धारही तितकीच टिकणार. महागाचे वरचे पैसे नुसते नावाचे." बैठकीत लगेच कुणीतरी उलटं बोलतो : "छे! स्वस्तातल्याची धार आठवड्यात जाते. हीट ट्रीटमेंट कच्ची, दुसरं काय!" दोघेही ठाम असतात आणि दोघांनीही काही मोजलेलं नसतं. पहिल्याने पात्यावरचं नाव वाचलेलं असतं, दुसऱ्याने चाकूची किंमत.

पहिल्याचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते खोडायला सोपं आहे.

डी-टू हे मुळात चाकूचं पोलाद नाही, ते साच्यांचं. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये याला एचसीएचसीआर म्हणतात. साधारण दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. पत्र्याला भोकं पाडणारे पंच आणि डाय त्याचेच बनतात. टूलरूमच्या ड्रॉइंगवर 'मटेरियल : एचसीएचसीआर' एवढं लिहून कुणी थांबत नाही, त्याच्या शेजारी '५८-६० एचआरसी' असा कठीणपणा लिहिलेला असतोच. हार्डनिंगहून परत आलेला पंच आधी रॉकवेल यंत्राखाली जातो. हिऱ्याचं निमुळतं टोक दीडशे किलोच्या भाराने त्यात रुततं, तो खड्डा किती खोल गेला त्यावरून आकडा ठरतो आणि आकडा बसला नाही तर पंच परत जातो. पोलाद त्याच सळईचं असलं तरी. हे काम रोज करणाऱ्या माणसाला 'पोलाद तेच म्हणजे काम तेच' असं सांगून बघा. तो हसेल, आणि चहा मागवेल.

त्याच्या हसण्याला कारण आहे. डी-टू हजार अंशांच्या थोडं वर तापवतात, मग हवेतच थंड होऊ देतात, मग पुन्हा दोनशेच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात, याला टेंपरिंग म्हणतात. भट्टी जास्त तापली, माल आत जास्त वेळ राहिला, किंवा टेंपरिंगचं तापमान चढलं, तर त्याच सळईतून साठच्या जागी छप्पन्न अंकाचं पातं निघतं. पात्यावर 'डी-टू' कोरणारं यंत्र मात्र दोन्हींवर सारखंच कोरतं. ते अक्षर घटकांची यादी सांगतं, भट्टीत काय घडलं ते सांगत नाही.

अमेरिकेतली बक कंपनी १९६४ पासून '११०' हा घडीचा चाकू विकते आहे. त्याचं नेहमीचं पोलाद ४२०एचसी, म्हणजे जाणकार ज्याच्याकडे नाक मुरडून बघतात असं साधं पोलाद. पण हीट ट्रीटमेंटचे जाणकार पॉल बॉस यांनी बसवलेल्या पद्धतीने, मधे गोठवण्याची पायरी घेऊन, बक ते सुमारे ५८ रॉकवेलपर्यंत नेते, आणि त्याची धार त्याच पोलादाच्या मऊ ठेवलेल्या पात्यांहून जास्त टिकते, याबद्दल चाकूवाल्यांत फारसा वाद नाही. उलट उदाहरणही आहे. क्रुसिबल कंपनीने २००१ मध्ये बाजारात आणलेलं एस-३०-व्ही हे पोलाद घडवताना चाकूकार क्रिस रीव्ह यांचा सल्ला घेतला होता. त्याच रीव्ह यांनी आपली पाती इतरांपेक्षा एक-दोन अंक मऊच ठेवली, ५८-५९ च्या आसपास. टवके उडू नयेत, परजायला सोपं जावं म्हणून. म्हणजे महागडा चाकू तोच कठीण, हेही खरं नाही.

इथवर आलं की दुसरा गडी खूश होतो. "बघा, मी म्हणत होतोच. सगळा खेळ हीट ट्रीटमेंटचा!" माझं खरं भांडण याच्याशी आहे.

हीट ट्रीटमेंट दिसत नाही, घरी मोजता येत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती सगळ्या प्रश्नांवरचं सोयीचं उत्तर होऊन बसली आहे. धार टिकली तर कंपनीची भट्टी थोर, गेली तर भट्टी खोटी. पण दोन नव्या चाकूंनी पुठ्ठा कापून तुलना करणारा माणूस भट्टीची तुलना करतच नसतो. तो कारखान्यातल्या शेवटच्या पट्ट्यावर दोन कामगारांनी किंवा दोन यंत्रांनी कुठल्या कोनात धार लावली, त्याची तुलना करत असतो. एका चाकूची धार दर बाजूला पंधरा अंशांची, दुसऱ्याची बावीस-तेवीसची. एकाच्या धारेमागची जाडी तीन दशांश मिलिमीटर, दुसऱ्याची सात दशांश. हा फरक भट्टीतल्या एका अंकाला सहज झाकून टाकतो.

हे मोजूनही झालं आहे. इंग्लंडात शेफिल्डला 'कॅट्रा' ही सुऱ्या-कात्र्यांची संशोधन संस्था १९५२ पासून आहे. तिच्या यंत्रात पातं धार वर करून पकडतात. पाच टक्के वाळू मिसळलेल्या कार्डांची चवड त्यावर ठरावीक दाबाने टेकते, पातं मागेपुढे ठरावीक अंतर सरकतं, आणि एकूण किती मिलिमीटर कार्ड कापलं ते मोजतात. हात नाही, मनगट नाही, 'मला वाटलं' नाही. या यंत्रावरचे आकडे घेऊन लॅरिन थॉमस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने पोलाद, कठीणपणा आणि कोन यांचा हिशोब वेगवेगळा मांडला. कठीणपणा वाढला की कापलेलं कार्ड वाढतं, हे अपेक्षितच होतं. पण कोन कमी केला की ते भरघोस वाढतं. पोलादही बदललं नाही, भट्टीही नाही.

इथे एक जुनी समजूतही आडवी पडते. 'बारीक धार लवकर जाते, जाड धार टिकते' असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. हाड फोडायचं असेल, गाठीचं लाकूड पिळत कापायचं असेल, तर ते खरं आहे. तिथे बारीक धार वळते किंवा तिचा टवका उडतो. पण दोर, पुठ्ठा, चामडं अशा घासून झिजवणाऱ्या मालात उलट घडतं. टोक दोन्ही पात्यांचं झिजतं, मात्र पातळ पात्याला मालात शिरायला मुळात जोर कमी लागतो, म्हणून टोक गोलसर झाल्यावरही ते कापत राहतं. जाड पातं तेवढंच झिजलं की अडकतं, आणि आपण म्हणतो धार गेली.

कारखान्याच्या धारेची आणखी एक गोम आहे. कोरड्या पट्ट्यावर घाईने धार लावली की केसाएवढं पातळ टोक क्षणभर भट्टीतल्या टेंपरिंगपेक्षा जास्त तापतं आणि मऊ पडतं. रंग बदललेला दिसेलच असंही नाही, इतका तो थर बारीक असतो. पण नवा असताना लगेच बोथटणारा चाकू दोन-चारदा दगडावर लागला की अचानक 'सुधारतो', हा अनेकांचा अनुभव आहे. मऊ थर निघून गेला, खालचं खरं पोलाद वर आलं. त्या चाकूच्या हीट ट्रीटमेंटला शिव्या मात्र आधीच देऊन झालेल्या असतात.

म्हणून माझं म्हणणं असं : एकाच पोलादाच्या दोन चाकूंची तुलना करायची, तर कारखान्याची धार आधी पुसून टाका. दोन्ही चाकू एकाच दगडावर, एकाच कोनात, एकाच दाण्यापर्यंत परजा. कोन खरंच तोच येतो का, हे पाहायला धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा आणि पातं दगडावर एकदा हलकेच ओढा. शाई फक्त वरच्या कडेची पुसली तर पातं फार पाडून धरलंय, फक्त टोकाची पुसली तर फार उभं. सगळा उतार स्वच्छ झाला की कोन जुळला. बर, म्हणजे परजताना टोकाला उलटून राहणारा पोलादाचा पातळ पापुद्रा, पूर्ण काढा, कारण लोंबणारी बर पहिल्या पाच-दहा कापांत उत्तम कापते आणि मग एकदम मोडते, आणि तिचं पाप पुन्हा पोलादाच्या माथी येतं. मग दोन्ही चाकूंनी एकाच गठ्ठ्यातला दोर आलटून पालटून कापा. पुठ्ठा घेतला तर एकाच खोक्याचा, कारण पुठ्ठ्यापुठ्ठ्यात कचरा वेगळा असतो. कैरी, लिंबू या परीक्षेत नकोच. त्यांचं आम्ल धारेला खातं आणि झिजेचा हिशोब बिघडवतं. एवढं करूनही फरक उरला, तर तो भट्टीचा म्हणायला हरकत नाही. माझ्या अंदाजाने बहुतेकदा तो गप्पांत सांगतात त्याच्या निम्माही उरणार नाही.

'मग पोलादाच्या नावाला काही अर्थच नाही का?' असा प्रश्न येईल. आहे. नावाने वरची मर्यादा ठरते. ४२०एचसी कितीही निगुतीने भट्टीत घातलं तरी त्यात एस-३०-व्हीचे व्हॅनेडियमचे कठीण कण येणार नाहीत, आणि सारख्या कोनात दोर कापताना ते मागेच पडेल. पण त्या मर्यादेच्या किती जवळ चाकू पोचला, हे भट्टी आणि कोन ठरवतात. त्यातली भट्टी कंपनीच्या हातात आहे आणि कोन तुमच्या.

तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगू लागला की अमक्याचा डी-टू तमक्याच्या डी-टूपेक्षा दुप्पट टिकतो, तर त्याला आधी विचारा, दोन्हींचा कोन किती होता आणि धार कुणी लावली होती. उत्तर आलं नाही तर चाकू खुशाल विकत घ्या, पण निष्कर्ष घेऊ नका.