सहा चौकोन आणि एक घंटी



आमची पुतणी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. खोली दहा बाय बाराची, माणसे पाच. रात्री अकरानंतर सगळे आडवे झाले की ती मोरीजवळच्या कोपऱ्यात भिंतीला मोबाईल टेकवून बसते. वहिनींची तक्रार आमच्याकडे आली, "भाऊजी, पोरगी रात्रभर मोबाईलमध्ये असते. तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा तिला." आम्ही सांगितले. चांगले अर्धा तास सांगितले. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "काका, एकदा बसून बघा तरी."

एका रात्री बसलो. पडद्यावर सहा चौकोन. प्रत्येकात एक वही, एक हात, एक पेन. चेहरे नाहीत, आवाज बंद. एक मुलगी नांदेडची, एक चंद्रपूरची, एक पुण्याच्या वसतिगृहातली. पंचवीस मिनिटे कोणी बोलायचे नाही. मग घंटी वाजते आणि पाच मिनिटे गप्पा. त्या तरी कसल्या? "दूध उतू गेलं." "आमच्याकडे लाईट गेली." "माझा ताळेबंद जुळेना." पुन्हा घंटी, पुन्हा वह्या. या पद्धतीला पोमोडोरो म्हणतात, म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून असा अभ्यास सुरू केला, म्हणून हे नाव.

आम्ही शिकत होतो तेव्हा विहाराच्या ओट्यावर बसत असू. एकाला डुलकी लागली की दुसरा कोपराने ढोसायचा. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून. रामजी सुभेदार त्यांना लवकर झोपवत, रात्री दोनला उठवत आणि त्याच जागेवर स्वतः अंग टाकत. उठवणारे कोणीतरी लागतेच. आमच्या पुतणीला ते चंद्रपुरात सापडले.

पण ती या सहाजणींपर्यंत कशी पोचली, हे आम्हाला नंतर कळले. आधी ती एका मोठ्या ग्रुपवर होती. हजारो मुले, नोट्स फुकट, जुन्या प्रश्नपत्रिका फुकट. एकदा सराव परीक्षेचे गुण विचारले गेले. हिने १०० पैकी ८१ लिहिले. लगेच प्रश्न आला, "कॅटेगरी कोणती?" हिने सरळ सांगितली. त्यावर उत्तर, "मग तुला कसलं टेन्शन!" आणि खाली हसणारी तोंडे. तिने ती मोजली होती. बेचाळीस. दोन दिवस वही उघडली नाही, घरात अक्षर बोलली नाही. तिथून गपचूप बाहेर पडलेल्या मुली एकमेकींना शोधत गेल्या, त्याच या सहा. आम्ही अर्धा तास उपदेश करत होतो तेव्हा हे सगळे त्या पोरीच्या पोटात होते. आमची आम्हालाच लाज वाटली.

मोबाईल अगदी साधुसंत आहे असे नव्हे. पाच मिनिटांची कधी कधी चाळीस होतात, हे तिनेच कबूल केले. पण दर रविवारी त्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडातली दहा पाने वाचतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे, रुपयावरचा १९२३ चा ग्रंथ त्यातच आहे. आम्ही बी.कॉम. आहोत, जयंतीच्या भाषणात त्या ग्रंथाचे नाव दरवर्षी घेतो. आत कधी डोकावलो नव्हतो.

आमच्या विहाराचा हॉल रात्री नऊला कुलूपबंद होतो. तो एकपर्यंत उघडा ठेवावा, दोन प्लग आणि एक वायफाय बसवावे, असे आम्ही समितीत मांडले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पोरं मोबाईल बघत बसतील." पुतणीला विचारून त्यांना शनिवारी रात्री अकराला वहिनींच्या घरी बोलावले आहे. येतो म्हणालेत. चपला तेवढ्या हळू काढा म्हटले, दारातच माणसे झोपलेली असतात.